एकेरी भाडं

दहा वर्षांखालच्या मुलांना हाफ तिकीट. चार वर्षांखालच्यांना तिकीटच नाही. मोठ्या माणसांना थर्ड क्लासचं भाडं, किलोमीटरला चार फेनिग. चारशेच्या वर माणसं एकदम जाणार असतील तर ग्रुपची सवलत, म्हणजे निम्मं. त्यांचं भाडं एकेरी आकारायचं. सोबत जाणाऱ्या पहारेकऱ्यांचं मात्र जाऊन-येऊन.

दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना मृत्युछावण्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी जर्मनीची सरकारी रेल्वे, राइशबान, या दराने बिल लावत होती. माणसं कोंबलेली असायची बहुतेक वेळा मालडब्यांत, पण भाडं प्रवाशांचं. बिलांचं काम एका सरकारी प्रवास कंपनीकडे होतं. एरवी ती लोकांच्या सुट्टीच्या सहलींची तिकिटं काढून द्यायची. आणि पैसे भरले जायचे ते ज्यूंच्याच जप्त केलेल्या मालमत्तेतून.

शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हाही आणि आता वाचनालयांत, मंडळांत बोलायला जाते तेव्हाही, हे सगळं सांगून झालं की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा वाईट माणूस नसतो. खरंच गोंधळलेला असतो. "पण बाई, साठ लाख माणसं गपगुमान गाडीत चढलीच कशी? कुणी काहीच कसं केलं नाही?"

पूर्वी मी या प्रश्नाला उत्तर म्हणून उठावांची यादी द्यायचे. पोलंडमधलं वॉर्सा शहर, आणि सोबिबोर, ट्रेब्लिंका या मृत्युछावण्या. यादी खरी होती, पण ती देताना मी नकळत प्रश्न मान्य करत होते: ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांनी आपण लढलो हे आधी सिद्ध करावं, मग आपण हळहळू. आता मी तसं करत नाही. हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. तो विचारायचा असेल तर भाड्याचा तो तक्ता बनवणाऱ्या कारकुनाला विचारावा. त्याच्या कपाळाला कुणी पिस्तूल लावलं नव्हतं.

आधी एक तुलना. जर्मनीने सोव्हिएत सैन्याचे सुमारे ५७ लाख सैनिक कैद केले. त्यांतले जवळजवळ ३३ लाख कैदेत मेले. उपासमारीने, थंडीने, रोगाने, गोळ्यांनी. ही तरणीबांड, कवायत केलेली, बंदूक चालवता येणारी माणसं होती. बहुतेकांच्या कडेवर मूल नव्हतं, शेजारी म्हातारी आई नव्हती. तरी त्यांच्यातही मोठे उठाव क्वचितच झाले, कारण उपाशी, वेढलेल्या, बिनहत्यारी माणसाला उठाव करता येत नाही. आजवर एकाही श्रोत्याने मला त्यांच्याबद्दल विचारलेलं नाही की, हे गप्प का बसले. ज्यूंबद्दलच का विचारावंसं वाटतं, हे ज्याचं त्याने स्वतःशी तपासून बघावं.

वॉर्साची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण 'चढले कसे' याचं उत्तर तिथे अगदी जवळून दिसतं. २२ जुलै १९४२ ला हुकूम निघाला की गेटोतल्या, म्हणजे भिंत घालून कोंडलेल्या वस्तीतल्या, ज्यूंना 'पूर्वेकडे कामासाठी' हलवायचं. रोज सहा हजार माणसं हवीत, आणि ती गेटोतल्याच ज्यू पोलिसांनी आणून द्यायची. जर्मनांनी नेमलेल्या ज्यू कौन्सिलचे अध्यक्ष आदाम चेर्निआकुफ निदान अनाथ मुलांना तरी वगळा म्हणून विनवत होते. ते होत नाही हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी विष घेतलं. हुकूम थांबला नाही. थोड्याच दिवसांत भिंतींवर नवी नोटीस लागली: जो आपणहून स्टेशनजवळच्या मैदानात हजर होईल त्याला तीन किलो पाव आणि एक किलो जॅम.

तीन किलो पाव. महिनोन् महिने मूठभर अन्नावर दिवस काढणाऱ्या, रस्त्यात भुकेने मेलेली पोरं ओलांडून चालणाऱ्या माणसांपुढे हे ठेवलं होतं. त्यांनी आपसात काय हिशेब केला असेल? 'मारायचंच असेल तर एवढा पाव कशाला देतील?' या वाक्यात भोळेपणा नाही. युद्ध चालू आहे, अन्न महाग आहे, मजूर हवे आहेत. शहाण्या माणसाने शहाण्या जगाबद्दल करावा तसाच हा तर्क होता. पाव घेऊन शेकडो लोक आपल्या पायांनी गेले. साडेसात-आठ आठवड्यांत सुमारे दोन लाख पासष्ट हजार माणसं ट्रेब्लिंकाला पोहोचवली गेली. बहुतेक जण पोहोचल्यावर काही तासांत संपले.

गाड्या कुठे जातात याचा शोध गेटोतल्यांनी घेतला नाही, असंही नाही. बुंद या ज्यू समाजवादी पक्षाने झालमन फ्रिद्रिख नावाच्या आपल्या कार्यकर्त्याला माग काढायला पाठवलं. रेल्वेतल्या लोकांकडून त्याला कळलं ते असं: रोज भरलेली गाडी ट्रेब्लिंकाच्या फाट्यावर वळते आणि रिकामी परत येते. तिकडे धान्याची गाडी कधी जात नाही. एवढ्यावरून जे समजायचं ते समजलं. पण समजणं आणि लाखो माणसांना पटवणं यात अंतर आहे. आपल्या मुलाचा असा अंत होणार यावर कुठली आई एका बातमीने विश्वास ठेवेल? मी ठेवला नसता.

आता तो 'मेंढरांसारखे' हा शब्द. तो पहिल्यांदा शत्रूच्या तोंडून आलेला नाही. मूळ बायबलमधला, पण या काळात तो गाजला लिथुआनियातल्या विल्ना शहरात. १९४१ च्या उत्तरार्धात शहराजवळच्या पोनारीच्या जंगलात हजारो ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या. ३१ डिसेंबरच्या रात्री, नववर्षाच्या पार्टीच्या आडून गेटोतली तरुण मंडळी जमली आणि तेवीस वर्षांच्या अब्बा कोव्हनरचं आवाहन वाचून दाखवलं गेलं: कत्तलखान्याकडे जाणाऱ्या मेंढरांसारखे आपण जायचं नाही. हिटलरला युरोपातले सगळे ज्यू संपवायचे आहेत, हेही त्यात स्पष्ट म्हटलं होतं. तेव्हा हे मानायला जगातली फारशी सरकारंही तयार नव्हती.

म्हणजे आपल्याच माणसांना हलवून जागं करायला एका पोराने वापरलेला शब्द. युद्ध संपल्यावर तोच उचलून मेलेल्यांच्या तोंडावर फेकला गेला. परक्यांनी फेकला तसा खुद्द इस्राएलमधल्या लोकांनीही पहिली काही वर्षं फेकला. छावण्यांतून वाचून आलेल्यांना तिथेही खाली मान घालून राहावं लागलं. याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच विल्नामध्ये पुढे काय झालं तेही सांगते, कारण ते अवघड आहे आणि सहसा टाळलं जातं. गेटोतल्या लढाऊ संघटनेचा प्रमुख होता इत्झिक विटेनबर्ग. जुलै १९४३ मध्ये जर्मनांनी मागणी केली, विटेनबर्ग द्या, नाहीतर सगळा गेटो संपवतो. साथीदारांनी त्याला लपवलं. तेव्हा गेटोतलीच माणसं रस्त्यावर आली: एकासाठी वीस हजारांचा जीव का घालवता? विटेनबर्गने प्रमुखपद कोव्हनरकडे सोपवलं आणि स्वतः बाहेर पडून जर्मनांच्या ताब्यात गेला. कोठडीतच मेला. त्या रस्त्यावरच्या जमावाला भित्रे म्हणायची माझी छाती नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी होतं. एकाने हात उचलला की शंभरांना भिंतीशी उभं करायचं, हा तिथला रोजचा नियम होता. गेटोतल्या लढवय्यांपुढे जर्मन सैन्य तर होतंच. पण आपण गोळी झाडली तर त्याची किंमत कुणाची पोरं मोजतील, हा प्रश्न त्याहून जड होता.

म्हणून वॉर्साचा उठाव कधी झाला हे बघा. बहुतेकांची आईवडील, मुलं, धाकटी भावंडं ट्रेब्लिंकाला गेल्यानंतर. उरलेल्या पन्नास-साठ हजारांत तरुण जास्त होते. १८ जानेवारी १९४३ ला पुन्हा धरपकड सुरू झाली तेव्हा तिथल्या लढाऊ संघटनेचा प्रमुख मोर्देखाय अनिएलेविच आणि त्याचे साथीदार पिस्तुलं लपवून गाडीकडे नेल्या जाणाऱ्या रांगेत घुसले आणि त्यांनी ठरल्या क्षणी पहारेकऱ्यांवर हल्ला केला. चार दिवसांत जर्मनांनी ती मोहीम आवरती घेतली. मग गेटोतल्या लोकांनी तळघरं खणली, कोरडं अन्न साठवलं, भिंती फोडून घराघरांतून वाटा काढल्या. हे काम हजारो साध्या माणसांनी केलं. हातात बंदूक असलेले जेमतेम सातशे-साडेसातशे. १९ एप्रिलला, मराठी बायबलमध्ये ज्याला वल्हांडण म्हणतात त्या सणाच्या आदल्या संध्याकाळी मेजं मांडायची तयारी चालू असताना, जर्मन फौज आत शिरली. गल्ल्या ताब्यात येईनात म्हणून त्यांनी एकेक इमारत पेटवत नेली. १६ मेला जनरल स्ट्रूपने शहरातलं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सुरुंगाने उडवून मोहीम संपल्याचं जाहीर केलं. पोलंडचं सैन्यही १९३९ मध्ये जेमतेम पाच आठवडे टिकलं होतं, हे इथे लक्षात घ्यावं.

या उठावाच्या नेत्यांपैकी जे वाचले त्यांतले मारेक एडेलमन पुढे वूच शहरात हृदयरोगतज्ज्ञ झाले, २००९ मध्ये वारले. त्यांना लोक वीर म्हणायचे आणि ते चिडायचे. बंदूक घेऊन मरणं सोपं होतं, आपल्या पोराचा हात धरून शांतपणे डब्याकडे चालत जाणं त्याहून कठीण होतं, या अर्थाचं ते आयुष्यभर सांगत राहिले. ज्याने स्वतः बंदूक धरली त्याने हे सांगितलंय. आपण, ज्यांनी धरली नाही, निदान त्याचं तरी ऐकावं.

आणि प्रतिकार म्हणजे बंदूकच, हे कुणी ठरवलं? त्याच वॉर्सात इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लुम यांनी माणसं जमवून गुपचूप दप्तर तयार केलं. रेशनकार्डं, मुलांचे निबंध, जॅमची ती जाहिरात, भुकेवर डॉक्टरांनी केलेल्या नोंदी, खाऊच्या गोळ्यांच्या कागदी चांद्या, ट्रामची तिकिटं. काहीही फेकायचं नाही. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये भरून ते जमिनीत पुरलं. पुरणाऱ्यांत दाविद ग्राबर हा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. जे जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं, असं त्याने शेवटी लिहून ठेवलं. १९४६ आणि १९५० मध्ये ढिगाऱ्यांखालून दोन भाग सापडले. हजारो पानं. रिंगेलब्लुम नाहीत, ग्राबर नाही. मारणाऱ्यांचा बेत माणसांबरोबर त्यांची खूणही पुसायचा होता. तो निम्मा तरी या दुधाच्या कॅननी हाणून पाडला. याला प्रतिकार म्हणायचं नाही तर कशाला?

बंदुकीच्या उठावांचंही एक लक्षात येतं. जिथे सुटकेची आशा सगळ्यांत कमी, तिथेच ते झाले: थेट मृत्युछावण्यांत. २ ऑगस्ट १९४३ ट्रेब्लिंका. १४ ऑक्टोबर १९४३ सोबिबोर. सहाशेंपैकी तीनशेच्या आसपास कुंपणाबाहेर पडले, युद्ध संपेपर्यंत पन्नासेक जगले. ७ ऑक्टोबर १९४४ ऑशविट्झ. प्रेतं जाळायच्या कामावर जुंपलेल्या कैद्यांनी एक भट्टीघर पेटवलं. त्यासाठीची बंदुकीची दारू शेजारच्या कारखान्यात काम करणाऱ्या ज्यू मुलींनी चिमटी-चिमटीने कपड्यांत लपवून आणली होती. त्यांच्यातल्या तिघी आणि ती दारू पुढे पोहोचवणारी रोझा रोबोटा पकडल्या गेल्या. छळ करूनही त्यांनी बाकीच्यांची नावं सांगितली नाहीत. ६ जानेवारी १९४५ ला चौघींना फाशी दिली. रशियन सैन्य तीन आठवड्यांनी पोहोचलं.

तर, 'कुणीच काही का केलं नाही?' हा प्रश्न कुंपणाबाहेर घेऊन जाऊ.

बेल्जियममध्ये दोन मोठी शहरं, ब्रुसेल्स आणि अँटवर्प. देश एकच, देश व्यापणारं सैन्य एकच, हुकूम तेच. १९४२ मध्ये ज्यूंनी ओळखीसाठी कपड्यांवर पिवळी चांदणी लावायचा हुकूम आला. ब्रुसेल्सच्या महापौरांनी कळवलं की आमची कचेरी या चांदण्या वाटणार नाही. अँटवर्पच्या कचेरीने वाटल्या. उन्हाळ्यात धरपकड झाली तेव्हा अँटवर्पच्या पोलिसांनी जर्मनांच्या बरोबरीने गल्ल्या अडवल्या, दारं ठोठावली. शेवटचा हिशेब असा: अँटवर्पच्या ज्यूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश गाड्यांत गेले, ब्रुसेल्सचे एक-तृतीयांशाच्या थोडे वर. सगळा फरक या एका नकारामुळे पडला, असं मी म्हणत नाही. लपायच्या जागा, शेजार, संघटना, बऱ्याच गोष्टी होत्या. पण नकार देता येत होता, आणि दिलेल्या महापौरांना त्यासाठी कुणी गोळी घातली नाही.

शेजारच्या हॉलंडमध्ये तर जन्म-मृत्यू-पत्त्यांची दप्तरं इतकी चोख होती, ओळखपत्रं इतकी पक्की बनवली होती, की लपणाऱ्याला जागाच उरेना. सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाख ७ हजारांना हलवलं, परत आले पाचेक हजार. ऑक्टोबर १९४० मध्ये सरकारी नोकरांपुढे 'मी आर्य आहे', म्हणजे ज्यू नाही, असं लिहून द्यायचा फॉर्म आला, तो जवळजवळ सगळ्यांनी भरून दिला. या दप्तरांची किंमत ज्यांना कळली त्या चित्रकार-शिल्पकारांच्या एका टोळीने २७ मार्च १९४३ ला पोलिसांच्या वेशात जाऊन ॲम्स्टरडॅमच्या लोकसंख्या नोंदणी कचेरीला आग लावली. त्यांच्यापैकी बाराजणांना गोळ्या घातल्या. पॅरिसमध्ये १६ आणि १७ जुलै १९४२ ला तेरा हजारांहून जास्त ज्यू पकडले गेले, ते पकडणारे पोलीस फ्रेंच होते, हातातल्या याद्या फ्रेंच कचेरीत तयार झाल्या होत्या. हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे मान्य करायला १९९५ उजाडलं.

'वरून ऑर्डर आहे.' आपल्यापैकी प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या खिडकीवर हे ऐकलंय, आणि जो खिडकीच्या आत बसला आहे त्याने म्हटलंही आहे. माना खाली घालून कोण चाललं होतं, हे शोधायचं असेल तर मला ते इथे सापडतं: पगार चालू, घर शाबूत, पोरं शाळेत, आणि सही-शिक्का हातात असलेल्या माणसांत.

'मग आधीच पळून का गेले नाहीत?' हा याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हिआँ इथे ३२ देशांचे प्रतिनिधी ज्यू निर्वासितांचं काय करायचं हे ठरवायला बसले आणि सहानुभूती व्यक्त करून उठले. आपल्या मुंबईतही थोडे जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यू पोहोचले, तेही इथल्या ज्यू मदत संघटनेने त्यांच्या खर्चाची हमी घेतली म्हणून. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांच्यातल्या कित्येकांना 'शत्रू देशाचे नागरिक' म्हणून उचलून अहमदनगरच्या छावणीत नाझी जर्मनांच्या शेजारी ठेवलं. चौकशी होऊन ते सुटले, पण हिटलरपासून पळालेल्याला हिटलरचा माणूस म्हणून पकडायचं, हेही कुणीतरी यादी बघून, हुकमाप्रमाणेच केलं होतं.

हा विषय मराठीत पुन्हा पुन्हा लिहावासा वाटतो, त्याचं कारण सांगते. आपल्याकडे चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी स्टाफरूममध्येसुद्धा "या देशाला एक हिटलर पाहिजे" हे वाक्य सहज येतं. बोलणाऱ्याच्या मनात असते ती शिस्त, वेळेवर सुटणारी गाडी. त्याला मी सांगते की गाड्या वेळेवर सुटत होत्या हे अगदी खरं. १९४४ च्या उन्हाळ्यात, युद्ध हरत आलेलं असतानाही, आठ आठवड्यांच्या आत हंगेरीतून चार लाख सदतीस हजारांच्या आसपास माणसं पोहोचवली गेली, त्यातली बहुतेक ऑशविट्झला. त्याला शिस्त म्हणतात. त्या शिस्तीचा एक एक खिळा ढिला करणारी माणसं फार थोडी निघाली, एवढंच माझं दुःख आहे.

त्या थोड्यांपैकी तिघांची गोष्ट सांगते. तारीख पुन्हा १९ एप्रिल १९४३. वॉर्सात उठाव सुरू झाला तीच रात्र. बेल्जियममधल्या मेखेलेनच्या बराकीतून १,६३१ ज्यूंना घेऊन विसावी गाडी ऑशविट्झकडे निघाली. ती अडवायची योजना युरा लिव्हशिट्झ या तरुण ज्यू डॉक्टरने सशस्त्र क्रांतिकारकांपुढे मांडली होती. फार धोक्याचं म्हणून त्यांनी ती नाकारली. तेव्हा त्याने शाळेतले दोन मित्र घेतले, रोबेर मेस्त्रिओ आणि जाँ फ्रांक्लमाँ. तिघांत मिळून एक पिस्तूल, पक्कड, आणि लाल कागद गुंडाळलेला एक कंदील. बोर्टमेरबेक गावापुढे त्यांनी कंदील रुळांवर ठेवला. ड्रायव्हरने लाल दिवा बघून गाडी थांबवली. पहारेकरी गोळ्या झाडत असताना मेस्त्रिओने एका डब्याची कडी तोडली. सतराजण उतरून पळाले. आत बसलेल्यांनीही तयारी केली होती. बराकीच्या सुतारखान्यातून करवती, कानशी चोरून आणल्या होत्या. एका तरुण नर्सने खिडकीच्या फळ्या पाव कापायच्या सुरीने कापल्या. रात्रभरात सव्वादोनशेच्या वर माणसांनी उड्या टाकल्या. काही गोळ्यांनी मेले, काही पुन्हा पकडले गेले, निम्म्याच्या आसपास वाचले. लिव्हशिट्झला पुढे पकडून गोळी घातली.

उडी टाकणाऱ्यांत अकरा वर्षांचा सिमाँ ग्रोनोव्हस्की होता. आईने त्याच्या मोज्यात शंभर फ्रँकची नोट घातली, दाराशी नेलं, खांद्यांना धरून खाली पायरीवर सोडलं. गाडीचा वेग कमी होईपर्यंत तिने त्याला थोपवून धरलं, मग त्याने उडी मारली. तो खाली आईची वाट बघत थांबला, पण तेवढ्यात पहारेकरी आले आणि तिला उतरता आलं नाही. पोरगं रात्रभर रानातून चाललं, सकाळी एका दारावर थाप मारली, चिखलाने माखलेलं, काहीतरी खोटं सांगत. त्या बाईने त्याला गावच्या पोलिसाकडे नेलं. यान एर्ट्स त्याचं नाव. गाडीतून पळताना मारल्या गेलेल्यांची प्रेतं त्याच्याच ठाण्यात आली होती, त्यामुळे हे पोर कुठलं ते त्याने ओळखलं. त्याच्या अंगावर वर्दी होती आणि त्यालाही ऑर्डर होती. त्याने पोराला घरी नेलं, बायकोने आंघोळ घातली, जेवू घातलं, आणि त्यांनी त्याला ब्रुसेल्सच्या गाडीत बसवून दिलं. सिमाँ लपून राहिला, वाचला, मोठेपणी वकील झाला. आई ऑशविट्झहून परत आली नाही.

त्याची मोठी बहीण इता मागे मेखेलेनच्या बराकीतच होती. तिच्याकडे बेल्जियमचं नागरिकत्व असल्यामुळे तिला त्या गाडीतून वगळलं होतं. सप्टेंबरमध्ये बेल्जियन नागरिक असलेल्या ज्यूंचीही गाडी निघाली. ती वाटेत कुणी थांबवली नाही.